मधुमेही आजी-आजोबांना लघवीचा तीव्र संसर्ग: घरी काय पाहायचं, नमुना कसा द्यायचा, दवाखान्यात कधी धावायचं

घरातल्या वयस्क बाईला लघवीला आग झाली की ‘उन्हाळे लागलेत’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी सुरू होतं. तरुण, धडधाकट बाईचं त्यावर भागूनही जातं. सत्तरी ओलांडलेली असेल आणि जोडीला दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असेल, तर या उपायांवर चार दिवस काढणं धोक्याचं आहे. मूत्राशयातले जंतू मूत्रपिंडात आणि तिथून रक्तात पोचायला कधीकधी एक-दोन दिवस पुरतात. शिवाय या वयात बऱ्याच जणांना आग होतच नाही. म्हणून आजाराच्या पहिल्या दिवशी घरच्यांनी काय पाहायचं आणि काय करायचं, ते इथे सविस्तर दिलं आहे.

मधुमेहात हा आजार का चिघळतो

जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात तशा मूत्राशयाच्याही होतात. पिशवी भरल्याची जाणीव उशिरा होते, ती पूर्ण रिकामी होत नाही आणि तळाशी उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. साखर जास्त असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. बायकांमध्ये पाळी गेल्यावर योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, तिथले संरक्षक जंतू कमी होतात. पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढून लघवी अडते. बद्धकोष्ठता असेल तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. औषधांचाही हात असतो: सर्दीची काही सिरप, झोपेसाठी घेतलेल्या ॲलर्जीच्या गोळ्या आणि मधुमेहात पायांच्या आगीसाठी सर्रास दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन यांनी लघवी तुंबू शकते. डॉक्टरांकडे जाताना या गोळ्यांची नावं आवर्जून सांगा.

घरी काय दिसतं

नेहमीची लक्षणं तुम्हाला माहीत आहेत: आग, सारखी लागणं, थेंब थेंब होणं, ओटीपोटात दुखणं, लालसर लघवी. म्हाताऱ्या मधुमेही माणसात याऐवजी पुढच्या गोष्टी दिसतात. कालपर्यंत स्वतः बाथरूमला जाणाऱ्या आजींचे कपडे अचानक ओले होऊ लागतात. आजोबा दोनदा धडपडतात. जेवणावरची वासना जाते. माणूस दिवसभर झोपून राहतो, रात्री बडबडतो, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतो. आणि खाणंपिणं, गोळ्या तेवढ्याच असूनही साखर दोन दिवस 250-300 च्या घरात राहते. आतला संसर्ग साखरेतूनच आधी कळतो, असं अनेकदा होतं.

तापाची वाट पाहू नका. म्हाताऱ्या शरीराला ताप कमी चढतो आणि गुडघेदुखीसाठी पॅरासिटामॉल चालू असेल तर तोही झाकला जातो. बरं असताना दोन-तीन दिवस सकाळी तापमान मोजून फाइलवर लिहून ठेवा. एखाद्याचं नेहमीचं 97 असेल, तर त्याच्यासाठी 99 च्या वरचा आकडा तापच समजायचा. 96.8 फॅरनहाइटच्या खाली गेलेलं थंड अंगही गंभीर संसर्गाचं लक्षण असू शकतं.

दोन फसवे प्रसंग नीट समजून घ्या. पहिला: ‘लघवी भरपूर होतेय, म्हणजे काळजी नाही.’ साखर वाढली की लघवी वाढतेच, त्यामुळे भरपूर लघवीचा अर्थ शरीरात पाणी पुरेसं आहे असा होत नाही. दुसरा: सतत थोडी थोडी गळती होत असते आणि घरच्यांना वाटतं, लघवी साफ होतेय. प्रत्यक्षात पिशवी काठोकाठ भरून वरचं पाणी सांडत असतं. बेंबीच्या खाली हात ठेवून बघा. तिथे घट्ट, गोल फुगवटा लागला आणि दाबल्यावर कळ आली, तर लघवी तुंबली आहे. तेव्हा पाणी पाजत बसू नका, नळी घालायला त्याच तासात दवाखाना गाठा.

मात्र माणूस गोंधळला की प्रत्येक वेळी दोष लघवीच्या संसर्गावर ढकलू नका. आधी ग्लुकोमीटर लावा, कारण साखर 70 च्या खाली गेली तरी माणूस असाच वागतो. तोंड वाकडं, एका बाजूचा हात लुळा, बोलणं अडखळतंय, तर तो पक्षाघात समजून निघा. सोडियम कमी होणं, न्यूमोनिया, नवी झोपेची गोळी, चार दिवस न झालेली शौच, यांनीही भ्रम होतो.

बुरशीची आग वेगळी

ज्यांच्या मधुमेहाच्या गोळीचं नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतं (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन), त्यांच्या घरी हा भाग दोनदा वाचावा. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये संपल्यापासून ती आपल्याकडे खूप स्वस्त झाली आणि हृदय-मूत्रपिंडासाठी चांगली असल्याने सढळपणे दिली जाते. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे बाहेरच्या अवयवांवर बुरशी होण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढतं. खाज, लाली, दह्यासारखा पांढरा स्राव, पुरुषांमध्ये पुढच्या कातडीखाली चिरा आणि पांढरा थर, आणि लघवी कातडीला लागली की होणारी आग, अशी तिची ओळख. यावर अँटिबायोटिक घेतलं तर बुरशी आणखी फोफावते. म्हणून ‘आग होतेय’ असं ऐकलं की संकोच बाजूला ठेवून एकदा पाहा, किंवा नर्सला पाहायला सांगा. गुदद्वार ते जननेंद्रिय या पट्ट्यात सूज, काळपट डाग आणि दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेदना असेल, तर ती मांस सडवणारी तातडीची अवस्था असते आणि शस्त्रक्रियेला काही तासांचाही उशीर चालत नाही.

नमुना आधी, गोळी नंतर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या दोन-तीन गोळ्या आणल्या जातात, आग थोडी कमी होते आणि चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो. आता कल्चर (लघवीतले जंतू उगवून कोणतं औषध चालेल ते पाहणारी तपासणी) केलं तरी गोळीमुळे जंतू उगवत नाहीत आणि डॉक्टरांना अंदाजाने औषध निवडावं लागतं. आपल्याकडे लघवीतल्या ई. कोलाय जंतूंवर या जुन्या गोळ्या फार वेळा चालत नाहीत, म्हणून तो अंदाज चुकण्याची शक्यता मोठी असते. पहिल्या गोळीच्या आधी कल्चरचा नमुना द्या. माणूस गंभीर असेल तर मात्र नमुन्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत. दवाखान्यात नळी घालून दोन मिनिटांत नमुना घेता येतो.

लॅबमधून निर्जंतुक, झाकण घट्ट बसणारी बाटली आणा. घरची धुतलेली बरणी चालत नाही. आजींना कमोडवर थोडं मागे सरकवून, पाय फाकवून बसवा. मदत करणाऱ्याने हात साबणाने धुवावेत. साध्या पाण्याने पुढून मागे धुवा आणि स्वच्छ कपड्याने टिपा. डेटॉल किंवा सॅव्हलॉन लावू नका, त्याचा अंश बाटलीत गेला तर जंतू मरतात. एका हाताच्या दोन बोटांनी बाहेरचे ओठ बाजूला धरा. पहिली धार कमोडमध्ये जाऊ द्या, मग धार न थांबवता बाटली मध्ये धरा, 20-30 मिलि झाली की बाटली काढा, उरलेली पुन्हा कमोडमध्ये. बाटलीचा काठ अंगाला टेकवू नका, झाकण आतून हाताळू नका. पुरुषांनी पुढची कातडी मागे घेऊन धुवावं आणि नमुना दिल्यावर ती आठवणीने पुढे आणावी, नाहीतर सूज येऊन अडकते.

बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहा आणि दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. रविवार आहे, लॅब तालुक्याला आहे, तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा (फ्रीझरमध्ये नको). 24 तासांपर्यंत चालते. खोलीत चार-पाच तास पडलेल्या बाटलीत जंतू आपोआप वाढतात आणि खोटा ‘पॉझिटिव्ह’ येतो. डायपर पिळून काढलेली, बेडपॅनमधली किंवा युरोबॅगमधली (नळीला जोडलेल्या पिशवीतली) लघवी कल्चरला अजिबात पाठवू नका. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यायचा असतो.

रिपोर्ट वाचताना

‘पस सेल्स 15-20’ दिसलं की घर हादरतं. वय वाढलं की, आणि मधुमेह असला की, काही त्रास नसतानाही लघवीत पांढऱ्या पेशी आणि जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे. आग नाही, ताप नाही, वागण्यात बदल नाही, तर अशा रिपोर्टला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. त्याने पुढचे आजार टळत नाहीत, उलट जंतू औषधाला सरावतात. अपवाद म्हणजे प्रोस्टेट किंवा मुतखड्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली असेल तर. म्हणूनच त्रास नसताना ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये लघवीचं कल्चर करून घेऊ नये.

कल्चरमध्ये एकच जंतू दर मिलिलिटरला 1,00,000 किंवा त्याहून जास्त असेल आणि त्रास असेल, तर संसर्ग पक्का धरतात. त्रास स्पष्ट असेल किंवा नमुना नळीने घेतला असेल तर कमी आकडाही मोजला जातो. तीन-चार प्रकारचे जंतू मिसळलेले आले तर बहुधा नमुना बिघडला आहे, पुन्हा द्या. खाली ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. ‘ईएसबीएल’ असं लिहिलं असेल तर त्या जंतूवर बरीचशी नेहमीची औषधं चालत नाहीत. ही प्रत जपून ठेवा, पुढच्या वेळी पहिलं औषध निवडायला तीच लागते. ‘ग्लुकोज ++++’ पाहून ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी घाबरू नये, ते त्या गोळीचंच काम आहे. जंतू 24 तासांत उगवलेले दिसतात, औषधांचा पूर्ण तक्ता यायला 48 ते 72 तास लागतात.

गोळ्या चालू झाल्यावर

संसर्ग मूत्राशयापुरता असेल, ताप नसेल, तर नायट्रोफ्युरँटॉइन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा पाच दिवस, किंवा फॉस्फोमायसिनची 3 ग्रॅमची एकच पुडी, ही डॉक्टरांची नेहमीची निवड. पुरुषांना बहुधा सात दिवस औषध लागतं. नायट्रोफ्युरँटॉइन पोटभर जेवणासोबत घ्यायची. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, ते घाबरण्यासारखं नाही. मूत्रपिंडाचं काम खूप कमी झालं असेल (ईजीएफआर 30 च्या खाली) तर ही गोळी लघवीत पुरेशी उतरतच नाही. संसर्ग मूत्रपिंडात गेला असेल, ताप-थंडी असेल, तर ही दोन्ही औषधं अपुरी पडतात. पुडी अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून, जेवणानंतर दोन-तीन तासांनी, लघवी करून झोपताना घेतली तर औषध रात्रभर मूत्राशयात राहतं.

आग शमवणारं गुलाबी सिरप लघवीची आम्लता कमी करतं. त्याने बरं वाटतं, पण जंतू मरत नाहीत आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर आम्लता घटली की कमी होतो, म्हणून दोन्ही एकत्र देऊ नयेत.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीची औषधं मधुमेहात साखर अचानक पाडू शकतात, विशेषतः मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू असेल तर. म्हाताऱ्यांमध्ये भ्रम आणि घोट्यामागचा स्नायूबंध तुटणंही यांनी होतं. को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकने रक्तातलं पोटॅशियम वाढतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं आणि अशा वेळी भरीला नारळपाणी नको. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय उठू नका.

औषध लागू पडत असेल तर 48 तासांत फरक दिसायला हवा. दोन दिवसांनी तसंच आहे म्हटल्यावर उरलेला कोर्स नेटाने पुरा करण्यात अर्थ नाही. कल्चरचा तक्ता घेऊन परत जा.

आजारात साखर सांभाळताना

साखर दर चार तासांनी, रात्रीही एकदा तपासा. इन्सुलिन बंद करू नका. खाणं कमी झालं तर किती द्यायचं ते डॉक्टरांना फोन करून ठरवा. उलट्या होत असतील किंवा पाणी पोटात ठरत नसेल, तर ग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन, लघवी वाढवणारी गोळी आणि बीपीच्या सार्टन-प्रिल जातीच्या गोळ्या त्या काळापुरत्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी विचारा. ग्लिफ्लोझिन चालू असताना साखर 200 च्या आत असूनही रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात खोल श्वास दिसला तर ‘साखर ठीक आहे’ यावर विसंबू नका, कीटोन (हेच ते आम्ल) तपासायला सांगा. कंबर किंवा गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या काळात देऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटा धोका येतो. संसर्ग आटोक्यात येतो, इन्सुलिनची गरज उतरते, खाणं अजून चमचाभर असतं आणि मूत्रपिंड मंदावल्यामुळे ग्लिमेपिराइड-इन्सुलिन अंगात रेंगाळतं. पहाटे तीनला साखर 50 सापडते. शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर वर आणल्यावरही पुन्हा पडते, म्हणून अशा माणसाला दिवसभर दवाखान्यात देखरेखीखाली ठेवावं लागतं.

केव्हा थांबायचं नाही

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा: 22 किंवा जास्त. वरचं बीपी 100 किंवा खाली, अथवा नेहमीपेक्षा 40 ने कमी. माणूस नवाच गोंधळलेला किंवा उठवून उठत नाही. हुडहुडी भरून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, सतत उलट्या. हातपाय गार, कातडी डागाळलेली. आठ तास लघवी नाही. यातलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. सोबत गोळ्यांची पाकिटं, जुनं कल्चर, शेवटचा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि ॲलर्जीची नोंद न्या.

दवाखान्यात रक्ताचं कल्चर, लॅक्टेट (संसर्ग किती गंभीर आहे ते दाखवणारी रक्ततपासणी), क्रिएटिनिन, कीटोन आणि शिरेतून अँटिबायोटिक हे सगळं पहिल्या काही तासांत व्हायला हवं. बीपी पडलेलं असेल तर औषध पहिल्या तासातच. इथे घरच्यांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा: ‘आत गॅस किंवा अडथळा आहे का?’ मधुमेहींमध्ये काही जंतू मूत्राशयाच्या भिंतीत किंवा मूत्रपिंडात गॅस तयार करतात. लघवीतून बुडबुडे, लाल लघवी, फुगलेलं दुखरं पोट ही त्याची लक्षणं, पण कित्येकांना यातलं काहीच नसतं. सोनोग्राफीत हा गॅस निसटू शकतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो आणि त्याला रंगाचं इंजेक्शन लागत नाही, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असलं तरी करता येतो. गॅस मूत्राशयापुरता असेल तर नळी, शिरेतून औषध आणि साखरेचा ताबा यांवर बहुतेक जण बरे होतात. मूत्रपिंडात असेल तर बहुधा बाहेरून नळी घालून पू काढावा लागतो. खड्याने वाट अडली असेल आणि मागे पू साचला असेल, तर डी-जे स्टेंट (मूत्रपिंड ते मूत्राशय ही वाट उघडी ठेवणारी आतली बारीक नळी) किंवा बाहेरून नळी घातल्याशिवाय नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, किंवा पुरुषाला एकदाच झालं, तरी लघवी करण्याआधीची आणि नंतरची सोनोग्राफी करून घ्या. नंतर 150 मिलिपेक्षा जास्त उरत असेल तर मूळ दुखणं तिथे आहे. अशांना घड्याळ लावून दर तीन तासांनी लघवीला बसवा, लागली असो वा नसो. एकदा करून झाल्यावर दोन मिनिटं बसून, किंचित पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करायला सांगा.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्याची मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. एसटीच्या प्रवासात बाथरूम मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणं, निर्जळी एकादशी, हरतालिकेचा कडक उपास, यांनंतरच्या दोन दिवसांत त्रास उफाळतो. मधुमेह आणि एकदा झालेला गंभीर संसर्ग असेल तर निर्जळी करू नये. आजींना हे पटवायला घरातल्या मोठ्या सुनेपेक्षा डॉक्टरांनी सांगितलेलं लवकर पटतं, तेव्हा त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

पाळी गेलेल्या बायकांसाठी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम हा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय आहे. साधारण दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा लावतात. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. स्तनाचा कर्करोग झाला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा.

कायमची नळी असेल तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगा. खाटेवरून खुर्चीत हलवताना पिशवी मांडीवर ठेवली जाते आणि जुनी लघवी उलटी आत जाते. हलवण्याआधी ती रिकामी करा. पिशवी अर्धी-पाऊण भरली की ओता, जोड विनाकारण उघडू नका, नळीभोवती रोज साबण-पाणी पुरेसं आहे. आणि दर भेटीला विचारा, ही नळी अजून हवीच आहे का.